पाण्यावर तरंगणारं पाणी

पद्मजाला लहानपणापासून एक सवय होती. डोळे मिटले की ती जमिनीच्या आत जायची.

पनवेलला तळ्याकाठी तिचं घर होतं. उन्हाळ्यात तळं खाली जायचं आणि तिला प्रश्न पडायचा, एवढं पाणी गेलं कुठे? थोडं उन्हानं वर नेलं, हे शाळेत शिकवलं होतं. आणि बाकीचं? आई भाजी निवडता निवडता म्हणायची, "मुरलं." हा शब्द तिला फार आवडायचा. लोणचं मुरतं तसं पाणीही कुठेतरी अंधारात, घाई न करता मुरत बसलं असेल. रात्री अंथरुणात ती त्या पाण्याबरोबर निघायची. मातीतून खाली, मुरमातून खाली, काळ्या खडकाच्या फटीतून वाकून पलीकडे. तिथे गार असायचं. आवाज नसायचा. चालता चालता झोप लागायची.

मोठी झाल्यावर तिनं त्याच वाटेचा अभ्यास केला. भूशास्त्र शिकली, भूजलाच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ म्हणून लागली आणि पस्तिशीपासून साठीच्या उंबरठ्यापर्यंत विहिरी आणि बोअर तपासत हिंडली. गाडीत ती डोळे मिटून बसली की तिचा सहकारी हरेश ड्रायव्हरला म्हणायचा, "गाडी हळू घे रे, मॅडम खाली गेल्यात."

पण या कामाचा एक भाग असा होता, ज्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे. लोक तिला बोलवायचे ते पाण्याबद्दल शंका आली की. आणि शंका बहुतेक वेळा खरी निघायची. मग हातपंपाला लाल रंग लागायचा, विहिरीवर फळी ठोकली जायची. गावातून निघताना बायका दारात उभ्या राहून बघायच्या. कुणी वाईट बोलायचं नाही, पण पुन्हा याही कुणी म्हणायचं नाही.

दिवाळी झाल्यावर तिला रंजिताचा फोन आला. ही मुलगी खारघरच्या कॉलेजात शिकताना पद्मजाच्या व्याख्यानाला येऊन बसली होती.

"मॅडम, माझं लग्न ठरलंय, मार्गशीर्षात. आणि आमची बाव, आळीची जुनी विहीर, बुजवायला निघालेत."

गव्हाणच्या पुढे, एका लहान डोंगरीच्या पायथ्याशी रंजिताची आळी होती. एका अंगाला डोंगरी, दुसऱ्या अंगाला खाडी. भोवतालच्या सगळ्या विहिरी खाऱ्या, ही एकच गोड. म्हणून तिचं नाव गोडी बाव. नळ आल्यापासून तिचं पाणी रोजच्या वापरात नव्हतं. पण आळीतल्या प्रत्येक नवरीनं हळदीच्या दिवशी त्या बावीचं ओंजळभर पाणी प्यायचं आणि मग त्याच पाण्यानं अंघोळ करायची, ही रीत कुणी मोडली नव्हती. आता बावीशेजारी लग्नाचा हॉल झाला होता आणि हॉलला गाड्या लावायला जागा हवी होती. गावकीनं ठरवलं होतं, पाणी चांगलं निघालं तर बाव राहील, नाहीतर भराव टाकायचा. ते काम त्यांनी रंजिताच्या चुलतभावावर, हॉल चालवणाऱ्या प्रणितवर सोपवलं होतं.

"माझं एक वेळ जाऊ द्या," रंजिता म्हणाली, "पण आत्या जेवत नाहीये धड."

आत्या म्हणजे रंभा. आळीची धवलारीण. लग्नात धवळे गाऊन विधी पुढे नेणारी बाई. आळीतली कुठलीही नवरी तिच्या गाण्याशिवाय बावीवर गेली नव्हती.

पद्मजा ठरलेल्या दिवशी सकाळी पोचली तेव्हा बाव नटून बसली होती. कठड्याला ताजा चुना, चुन्यावर गेरूची नक्षी, चारी कोपऱ्यांना झेंडूच्या माळा. आत एक पान तरंगत नव्हतं. दगडांवरचं शेवाळसुद्धा घासून काढलेलं. रंजिताचे वडील भगवान हात जोडून पुढे आले. त्यांच्यामागे ठेंगणी, सावळी, कपाळावर मोठं कुंकू लावलेली रंभा.

"ये बाय," रंभा म्हणाली. "बघ आमची बाव. हिला कोन वंगाळ बोलंल?"

पद्मजानं पाणी काढलं, खारेपणा मोजायचा मीटर बुडवला. आकडा पाहिला. पुसून पुन्हा बुडवला. मग बोट ओलं करून जिभेला लावलं.

पाणी खारट होतं.

रंभाला तिच्या चेहऱ्यावरून काय कळलं कुणास ठाऊक, तिनं स्वतः ओंजळ भरून तोंडात घेतली आणि तशीच थुंकली. मग कठड्याला धरून उभी राहिली. "आसं नाय होनार. परवा तर गोड होतं. बावीची आसरा देवी रागावली. माजंच कायतरी चुकलं."

प्रणित हॉलच्या पायरीवरून उठून आला. गळ्यात चेन, हातात गाडीची किल्ली, पण बोलायला मऊ. "आत्ये, मी काय सांगत व्हतो? खाडीचं पानी आत घुसलंय. मॅडम, मी काय हौसेनं करत नाय. मागच्या लग्नाला गाड्या रस्त्यावर लागल्या, एका पोराला टेंपोनं उडवला. पाय मोडला त्याचा. जागा पायजे. तुमी रिपोर्ट द्या, मी जेसीबीवाल्याला सांगतो."

पद्मजा त्या स्वच्छ दगडांकडे बघत होती. मग भगवानकडे वळली.

"दादा, बाव कधी साफ केली?"

भगवानचा चेहरा उजळला. "काल! तुमी येनार म्हनून. आमच्याकडं पावना यायचा तर घर सारवतात, मग बाव घान ठेवायची का? दोन मोटारी लावल्या ताई, सकालपासनं सांजवेलपर्यंत. पार तल दिसला. पोरं आत उतरली, गाल काढला, दगड घासले. रातभर पानी भरलं परत. एक कचरा दिसला तर सांगा."

पद्मजा मटकन कठड्यावर बसली. मग तिला हसू आलं. इतकं की डोळ्यांतून पाणी आलं. रंभा घाबरून तिच्याकडे बघत राहिली.

"रंभाताई, आसरा रागावलेली नाही," ती म्हणाली. "तिचा पाहुणचार जास्त झालाय. घरात कोकमाचं आगळ आहे?"

काचेचा मोठा ग्लास आला, आगळाची बाटली आली, सरबताची नळी आली. आळीतली पोरं गोळा झाली. प्रांजल नावाची दोन वेण्यांची मुलगी अगदी ग्लासाला नाक लावून उभी राहिली.

"सरबत करताय?"

"सरबत नाही गं. तुमची आळी करतेय." पद्मजानं ग्लासात तळाशी आगळ ओतलं. लाल, दाट, खारट. "ही खाडी. खाडीचं पाणी जमिनीखालून आत येतं. बावीच्याही खाली ते आहे. नेहमीच होतं." मग चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून साधं पाणी थेंबाथेंबानं सोडलं. पाणी लाल थरावर अलगद पसरलं आणि तिथंच थांबलं. "आणि हे पावसाचं. डोंगरीवर पडलेलं, मुरलेलं. मीठ विरघळलेलं पाणी जड असतं. म्हणून गोडं पाणी त्याच्यावर तरंगतं. तेल तरंगतं ना, तसंच, पण जरा लाजत. हलवलंत की दोन्ही एक होतात."

"पाण्यावर पाणी तरंगतं?" प्रांजलनं विचारलं.

"तरंगतं. कुणी घाई केली नाही तर."

तिनं नळी प्रांजलच्या हातात दिली. लाल थराच्या जरा वर टोक धरायला सांगितलं. "हळू ओढ." प्रांजलनं ओढलं. साधं पाणी. "आता जोरात." प्रांजलनं गाल आत घेऊन ओढलं आणि सगळ्यांना दिसलं. लाल थराच्या मधोमध एक उंचवटा आला, वारूळ चढावं तसा वर चढला आणि नळीत शिरला.

"ईऽऽ, खारट!"

पोरं हसली. भगवान हसले नाहीत. ग्लासाकडे बघत हळूच म्हणाले, "म्हंजे... मीच वर आनलं खारं पानी."

"तुम्ही आदर केलात, दादा. आजवर माझ्यासाठी कुणी विहिरीला हार घातला नव्हता."

प्रणित खांदे उडवून म्हणाला, "मॅडम, गोष्ट चांगली हाय. पन बाटलीत जे हाय ते हाय. रिपोर्ट म्हंजे रिपोर्ट."

"बरोबर बोललास. बाटलीत आज खारंच आहे, आणि ते मी लपवणार नाही. पण आज तू बाव तपासून घेत नाहीयेस, दोन मोटारी तपासून घेतोयस. हिला निजू दे. वर आलेलं खारं पाणी जड आहे, ते परत खाली बसेल. यंदा डोंगरीत पाणी भरपूर मुरलंय, ते पुन्हा वर येईल."

"कवापर्यंत?"

इथे तिला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "नक्की सांगता येत नाही."

प्रणितनं रंभाकडे पाहिलं. लहानपणी तो तिच्याच ओट्यावर जेवत असे. "हलदीपर्यंत थांबतो. त्या दिवशी गोड निघालं तर ठीक. नायतर नवरीला टँकरच्या पान्यानं न्हाऊ घालायचं, आनि दुसऱ्या दिवशी भराव. आत्ये, मंजूर?"

रंभानं मान हलवली. कठड्यावरचा हात मात्र तिनं काढला नाही.

त्या दिवशी भगवाननं घरातलं जुनं मासे पकडायचं जाळं आणून बावीवर ताणून बांधलं, कुणी चुकून घागर बुडवू नये म्हणून.

मग थांबण्याचे दिवस सुरू झाले. पद्मजा दर शनिवारी यायची. मीटरची तार जाळ्यातून हळूहळू आत सोडायची, वरचं पाणी, मधलं, तळाजवळचं. काम थोडक्यात व्हायचं, पण ती लगेच निघायची नाही. हिवाळ्यातलं ऊन खाडीवर पिवळं होऊन पडलेलं असायचं. चिखलात बगळे एका पायावर उभे. नव्या विमानतळावरून उठलेलं विमान डोंगरीवरून जायचं आणि त्याची सावली बावीच्या पाण्यावरून सरकायची, पाण्याला धक्का न लावता. पद्मजा कठड्याला टेकून डोळे मिटायची.

आणि ती खाली असायची. मुरमातून, फटीतून. पूर्वीसारखीच वाट. तिथे आता तिला ते खारं पाणी दिसायचं, झोपमोड झालेल्या मोठ्या जनावरासारखं. ते एका कुशीवर उठून बसलं होतं. आता हळूहळू मान टाकत होतं. वरून डोंगरीचं गोडं पाणी येत होतं, धार नाही, नुसता ओलावा, दगडाला चिकटून, एकेका फटीतून पाझरत. ते त्या जनावराच्या पाठीवर पांघरुणासारखं पसरत होतं.

"बाय, झोपलीस?"

रंभा चहा घेऊन उभी असायची.

"नाही. बघत होते."

"डोले मिटून?"

"हो."

रंभाला यात काही विचित्र वाटलं नाही. ती शेजारी बसली. "मीपन गानी तशीच म्हनते. डोले उघडले की चुकतात." मग तिरकं बघून म्हणाली, "लगीन नाय केलंस?"

"राहून गेलं."

"बरं झालं. नवऱ्यानं उठवली असती दर वेलेला."

दोघी हसल्या.

आकडे उतरत होते. एका शनिवारी बरेच उतरले, दुसऱ्या शनिवारी थोडे. रंभा आकड्यांना विचारायची नाही, पद्मजाच्या भुवया बघायची. पण पौर्णिमेनंतरच्या शनिवारी भुवया वर गेल्या. आकडा पुन्हा चढला होता. उधाणाच्या भरतीनं खाडी जमिनीखालूनही आत सरकली होती.

"उतरंल ना?" रंभानं विचारलं.

"बहुतेक."

"बहुतेक म्हंजे?"

"म्हणजे मला माहीत नाही, रंभाताई."

रंभा पाण्याकडे बघत म्हणाली, "माजी आय या पान्यानं न्हाली. मी न्हाले. माजं लगीन टिकलं नाय, नवरा गेला, मी भावाकडं परत आले. पन हलदीच्या दिवशी पयली ओंजल तोंडात घेतली ना, तवा जे वाटलं, ते माज्याकडनं कुनी नेलं नाय. म्हनून मी पोरींना इथं आनते. बाव गेली तर मी गाऊन कुठं नेऊ त्यांना? टँकरकडं?"

पद्मजानं तपासणीसाठी एक निर्जंतुक बाटली भरली आणि बर्फाच्या पेटीत ठेवली. मीठ जिभेला कळतं. जंतू कळत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेतच जावं लागतं.

हळदीच्या दिवशी दुपारी आळीत बँड लागला. बायका पिवळ्या साड्यांत, डोक्यावर पितळेच्या घागरी. रंजिता मधोमध, मुंडावळ्या बांधून, हातात नारळ. रंभा पुढे. तिचा आवाज बँडच्या वरून जात होता, कापरा पण न तुटणारा. हॉलच्या पायरीवर प्रणित उभा होता, आणि त्याच्या शेजारी जेसीबीचा ड्रायव्हर, दुसऱ्या दिवशीचं काम बघायला आलेला.

पद्मजा आधीच येऊन बावीजवळ उभी होती. भगवाननं जाळं सोडलं. बँड थांबला. तार आत गेली.

वरच्या पाण्याचा आकडा तिनं दोनदा पाहिला. मग बोट ओलं करून जिभेला लावलं.

"गोड आहे," ती म्हणाली. "तळाशी अजून खारं आहे. पण वर हातभर पाणी गोड आहे. घागर बुडवायची नाही. आडवी धरून वरचं वर घ्यायचं."

बायकांनी एकच गलका केला. भगवाननं डोळे पुसले. सुवासिनींनी दोर सोडले, घागरी पाण्यावर आडव्या टेकल्या, पाणी आपणहून आत आलं. रंभानं पहिली घागर घेतली, नवरीसमोर धरली. रंजितानं ओंजळ पुढे केली.

"थांबा," पद्मजा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"अंघोळीला चालेल. पण प्यायचं नाही. सकाळीच प्रयोगशाळेचा निकाल आला. पाण्यात जंतू आहेत, जुलाबाचे, तापाचे. भोवती घरं वाढली, संडासांचे शोषखड्डे झाले, त्यांचं झिरपून येतंय."

रंभाच्या हातातली घागर तशीच राहिली. "आमी सगल्या प्यालो. कुनाला काय झालं?"

"तेव्हा ही घरं नव्हती, रंभाताई."

"म्हंजे नापास," प्रणित पायरीवरून म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, पण त्यानं ड्रायव्हरकडे बघितलं.

"बाय," रंभा खालच्या आवाजात म्हणाली, "एक ओंजल हाय. एवढ्या दिवसांत मी तुला काय मागितलं नाय. बोलली नसतीस तर कुनाला कललं असतं?"

"मला कळलं असतं," पद्मजा म्हणाली. "पोरगी नव्या घरी जाणार. तापानं आजारी पडून जायला नको. हे सांगण्यासाठीच मला नेमलंय. मला माहीत आहे तुम्हाला काय वाटतंय. पण हे पाणी उकळल्याशिवाय तिच्या तोंडात जाऊ देणार नाही मी."

रंभानं घागर खाली ठेवली. बँडवाले एकमेकांकडे बघू लागले. वाऱ्यावर झेंडूच्या माळा हलत होत्या. पद्मजाला वाटलं, आता बायका दारात जाऊन उभ्या राहतील आणि आपण गाडीकडे चालू लागू.

"उकललं की जातात ते जंतू?" रंभानं विचारलं.

"जातात. चांगली खदखदून उकळी आली की जातात."

"आनि बावीचं पानी बावीचंच राहतं?"

"बावीचंच राहतं."

रंभा भगवानकडे वळली. "बघत काय उभा हाएस? तीन दगड मांड. इथंच. बावीसमोर."

तीन दगड आले, लाकडं आली. भगवाननं फुंकर घातली, धूर झाला, जाळ धरला. रंभानं त्याच घागरीतलं पाणी पातेल्यात ओतलं आणि चुलीसमोर मांडी घालून बसली. जरा वेळ नुसती जाळाकडे बघत होती. मग तिनं डोळे मिटले आणि गायला लागली. हा धवळा कुणी ऐकलेला नव्हता. सूर जुना होता, शब्द मात्र तिथेच जुळत होते. डोंगरीनं पाणी दिलं, बावीनं राखलं, आता अग्नीकडं माहेरपणाला चाललंय. बायकांना शब्द माहीत नव्हते, त्या नुसत्या मागून सूर धरत होत्या. नवरी चुलीशेजारी बसली. धुरानं तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, का आणखी कशानं, ते कुणी विचारलं नाही.

उकळी यायला वेळ लागतो. निवायला त्याहून जास्त. सगळी मिरवणूक थांबली. प्रणितही पायरीवरून उतरून आला आणि कधी खाली बसला ते त्यालाही कळलं नाही. ऊन कलत होतं. पाणी खदखदलं, उतरवलं, ताटाखाली झाकलं, पुन्हा शांत झालं. रंभानं बोट बुडवून पाहिलं आणि रंजिताच्या ओंजळीत ओतलं.

रंजिता प्याली. डोळे मिटून, शेवटच्या थेंबापर्यंत.

"आत्ये, मला दे जरा," प्रणित म्हणाला.

रंभानं त्याला पेल्यात दिलं. तो पेला हातात घेऊन बराच वेळ बसला. मग प्यायला आणि तोंड पुसत ड्रायव्हरला म्हणाला, "तू जेवून जा रे. उद्या यायचं काम नाय." आणि पद्मजाकडे बघून, "मॅडम, लिहा पास."

"पास-नापास मी लिहीत नाही. लिहिते, मोटार लावायची नाही, वरचं पाणी घ्यायचं आणि उकळून प्यायचं. त्या शोषखड्ड्यांचं काय करायचं ते पुढच्या शनिवारी बसून बघू."

"आनि माज्या गाड्या?"

"चार घरं सोडून माजी ती रिकामी पट्टी हाय ना," भगवान म्हणाले. "लाव तिथं. पोरीच्या लग्नापासनं सुरू कर."

बँड पुन्हा वाजू लागला. रंभानं पातेल्यातलं उरलेलं पाणी आणखी एका पेल्यात ओतलं आणि पद्मजासमोर धरलं. पद्मजा क्षणभर थबकली. आयुष्यभर तिनं इतक्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून नेलं होतं, पण त्यातल्या एकाही विहिरीचं पाणी कुणी तिला पेल्यात दिलं नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी पेला घेतला आणि घोटाघोटानं प्यायली. कोमट, धुराच्या वासाचं पाणी घशातून खाली उतरलं.

"कसं हाय?" रंभानं विचारलं.

पद्मजानं विचार केला. "गोड आहे. पण किंचित मचूळ आहे अजून."

रंभा हसायला लागली. "मेली, तुला एकदापन खोटं बोलवत नाय का गं?" असं म्हणून तिनं पद्मजाच्या गालाला हळद फासली आणि तिचा हात धरून तिला बायकांच्या घोळक्यात ओढून नेलं.